दैवाचा वाटा पाचवा

गुहागर तालुक्यातल्या एका तरुण बागायतदाराने विचारलं आहे, ते थोडक्यात असं. पुण्यातली नोकरी सोडून तो चार वर्षांपूर्वी घरी आला. दीडशे हापूसची कलमं, थोडी सुपारी आणि पर्यटकांसाठी माडीवरच्या दोन खोल्या. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत काम. यंदा मोहोर आला, पण मळभ आणि धुकं धरून राहिलं, तुडतुडा ही कीड वाढली आणि निम्मा मोहोर काळा पडून गळला. तो लिहितो, "फळाची आशा धरू नकोस असं गीता सांगते, मग मी फवारणीचा आणि खर्चाचा हिशोब तरी कशाला ठेवायचा? आशा तर सुटत नाही. म्हणजे माझं चुकतंय का? आजोबा रोज गीतेचा एक अध्याय म्हणायचे. त्यांची पोथी कापडात बांधलेली देवघरात पडून आहे, मला हात लावायला वेळ नाही. गड्यांवर सारखा राग निघतो. बाजारातले लोक सांगतात, थोडा बाहेरचा आंबा मिसळ, खाणाऱ्याला कळत नाही. काकू, कधी कधी वाटतं सगळं सोडावं आणि एखाद्या आश्रमात जाऊन बसावं."

वयाने तू माझ्या धाकट्या मुलाएवढा असशील, म्हणून अरे-तुरेच करते. मी राजापूर तालुक्यात राहते. एकतीस वर्षं झाली, आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि फणसपोळी करून विकते. हंगामात आठ-दहा जणी माझ्याकडे कामाला असतात. गीता मला मामंजींनी शिकवली. ते गेल्यावर एकादशीला देवळात गीता सांगायचं काम माझ्याकडे आलं, त्यालाही बावीस वर्षं होतील. तेव्हा जे सांगेन ते रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडता फोडता पटलेलं आहे, एवढं धरून वाच.

आधी तो श्लोक पुरा घेऊ, कारण आपण सगळे तो अर्धाच म्हणतो. "कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन। मा कर्मफलहेतुर्भूर्मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि॥" दुसऱ्या अध्यायातला 47वा. चार चरण आहेत. काम करण्यावर तुझा अधिकार आहे. फळावर तो कधीच चालत नाही. फळ हेच तुझ्या कामाचं कारण होऊ देऊ नकोस. आणि काम न करण्याची ओढ तुला लागू नये. हा चौथा चरण लोक गाळतात आणि मग गीता माणसाला ढिलं करते असं म्हणतात. तुझं आश्रमाचं जे आहे ना, त्याचं उत्तर या चौथ्या चरणातच आहे, पण त्याकडे मी नंतर येते.

आता दुसरा चरण बघ. अधिकार म्हणजे हक्क, सत्ता. कलमावर किती आंबा धरेल यावर तुझी सत्ता चालत नाही. हे भगवंताने सांगण्याआधी तुला तुडतुड्याने सांगितलंच आहे. पण आंबा धरावा असं वाटणं पाप आहे, असं या श्लोकात कुठेही म्हटलेलं नाही. आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात ते कशासाठी? गुराढोरांना, पोराबाळांना सुखी ठेव, पेरलेलं पिकू दे, म्हणून उघड मागतात आणि सगळा गाव "व्हय महाराजा" म्हणून त्याला साथ देतो. मागायचं, मागून झालं की नारळ फोडायचा आणि घरी जाऊन कामाला लागायचं. मागण्यात दोष नाही. दिवसभर त्या मागण्याला चिकटून बसलं की हात कामावर राहतात आणि जीव कामावर राहत नाही, तिथे बिघडतं.

हिशोबाचं तर गीतेने अगदी स्पष्ट सांगितलं आहे, फक्त तिथपर्यंत कोणी वाचत नाही. अठराव्या अध्यायात कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यात तामस कर्म कोणतं? "अनुबन्धं क्षयं हिंसामनपेक्ष्य च पौरुषम्", म्हणजे पुढे काय होईल, नुकसान किती होईल, कोणाला इजा होईल का, आपली ताकद किती, याचा विचार न करता मोहाने सुरू केलेलं ते तामस. तेव्हा फवारणीची वही न ठेवणं, खर्चाकडे डोळेझाक करणं याला निष्काम कर्म म्हणू नकोस. गीतेच्या भाषेत तो तमोगुण आहे. मी रोज संध्याकाळी वही लिहिते. किती किलो रातांबे आले, किती मीठ गेलं, कोणाचे किती तास भरले. ती वही मी पोथीइतकीच जपते.

मग फळ सोडायचं म्हणजे नक्की काय सोडायचं? मला याचा उलगडा त्याच अध्यायातल्या 14व्या श्लोकाने झाला, म्हणून तो तुला सावकाश सांगते. "अधिष्ठानं तथा कर्ता करणं च पृथग्विधम्। विविधाश्च पृथक्चेष्टा दैवं चैवात्र पञ्चमम्॥" कोणतंही काम घडायला पाच कारणं लागतात. ज्याच्या आधारावर काम होतं ते अधिष्ठान, करणारा, निरनिराळी साधनं, निरनिराळ्या हालचाली, आणि पाचवं दैव. शंकराचार्यांनी अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ केला आहे आणि साधनं म्हणजे इंद्रियं. तो अर्थ खोल आहेच. पण मामंजी म्हणत, श्लोक आधी आपल्या अंगणात उतरवून बघावा. तुझ्या बागेत उतरवून बघ. जमीन आणि कलमं हे अधिष्ठान. तू कर्ता. पंप, औषध, आंबे उतरवायचा झेला, पेट्या ही साधनं. तू, तुझे गडी, गाडीवाला, दलाल या सगळ्यांच्या धावपळी त्या चेष्टा. आणि पाचवं दैव, म्हणजे धुकं, वारा, अवकाळी, त्या वर्षीचा बाजार. त्याच्या पुढच्याच श्लोकांत भगवंत म्हणतात, हे असं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही.

माझं माहेर मालवणकडचं. लहानपणी किनाऱ्यावर रापण ओढताना बघितली आहे. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धं वर्तुळ मारून परत येते, मग जाळ्याची दोन टोकं किनाऱ्यावरून दोन बाजूंनी माणसं ओढत आणतात. पाय वाळूत रुततात, दोर हाताला कापतो, आणि जाळं जवळ येईपर्यंत आत काय आहे ते कोणालाच कळत नाही. मासळी वर आली की वाटे पडतात. ओढणाऱ्या माणसांचे वाटे, आणि होडीचा नि जाळ्याचाही वाटा असतो. मला तेव्हा नवल वाटायचं, जाळ्याला कसला वाटा? आता अठरावा अध्याय सांगताना मी हाच दाखला देते. साधनाचा वाटा साधनाला, माणसाचा माणसाला. आणि जाळं रिकामं आलं तर? एकदा अशा रिकाम्या जाळ्यापाशी एका म्हाताऱ्या रापणकराला मी विचारलं होतं, वाईट नाही वाटत? तो म्हणाला, "आमी फकस्त जाळा ओढूचा. मासो धाडणारो येगळो." आणि तो जाळ्याच्या फाटलेल्या आसा बघायला लागला. उद्या परत टाकायचं होतं ना. त्याने कधी गीता वाचली असेल असं मला वाटत नाही, पण हातातला वाटा कोणता आणि पाचवा कोणाचा, हे त्याला चोख ठाऊक होतं.

आपलं दुःख पुष्कळदा इथेच असतं. वाटणी चुकते. पीक साधलं की पाचही वाटे आपण आपल्या नावावर घेतो आणि ताठतो. पीक गेलं की कधी पाचही अपराध आपल्या डोक्यावर घेऊन खचतो, तर कधी आपला स्वतःचा वाटासुद्धा दैवाच्या अंगावर टाकून मोकळे होतो. यातलं शेवटचं मी स्वतः केलं आहे, ते सांगते.

आमसुलं कशी होतात ते तुला माहीत असेलच, पण शहरात राहिलास म्हणून सांगते. रातांबे फोडायचे, बिया आणि गर वेगळा करायचा, मीठ घालून त्याचं आगळ सोडवायचं. साली उन्हात घालायच्या, संध्याकाळी त्या आगळात बुडवायच्या, दुसऱ्या दिवशी परत उन्हात. असं एकेक पूट चढत जातं. माझ्याकडे सात पुटं देतात. पाचव्या पुटापर्यंत साल नुसती लाल असते, सहाव्या-सातव्याला ती काळसर होते आणि बोटांनी दाबली की चामड्यासारखी वाकते. मीठ कमी पडलं किंवा ऊन कमी पडलं की बुरशी. हे सगळं पाऊस येण्याआधी उरकायचं असतं, म्हणजे आमचा सगळा धंदा एप्रिल-मेच्या उन्हावर उभा.

2021 साली मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. 16 मे, रविवार. इशारा आधीच मिळाला होता, रेडिओवर, फोनवर, तलाठ्यांकडून. शनिवारी सकाळी आम्ही तयार आमसुलं पोत्यांत भरून माजघरात आणली. राहिली ती पाच पुटं झालेली साल, गच्चीवर पसरलेली. पाच पुटांची साल ओली असते, ती तशीच घरात कोंडली तर बुरशते. तिला वाचवायचा मार्ग एकच, खारट आगळात परत बुडवून पिंपं घट्ट झाकून ठेवायची. चार-सहा दिवस ती निर्धास्त राहते. हे मला पक्कं माहीत होतं. पण टाळेबंदीमुळे बाया कमी होत्या, ज्या होत्या त्यांना मी दुपारीच घरी पाठवलं होतं, आणि शनिवारी दुपारनंतर मध्येच चांगलं ऊन पडलं. मनात आलं, एवढं ऊन मिळालंय तर फुकट का घालवा. रात्री ताडपत्री घालू. ताडपत्री घातली, चारी बाजूंनी चिरे ठेवले.

रविवारी वाऱ्याने चिरे हलवले नाहीत, ताडपत्रीच मधून फाडून नेली. शेजारच्या माडाची झापं गच्चीवर येऊन पडली. सोमवारी सकाळी वर गेले तर साली झापांत आणि चिखलात कालवलेल्या, आणि गच्चीच्या पन्हळीतून खाली भिंतीवर लाल ओघळ. ते ओघळ अजून पुसट दिसतात. चुना दिला तरी वर येतात.

पुढे आठ-दहा दिवस जो भेटेल त्याला मी एकच सांगत होते, देवाची इच्छा, वादळापुढे कोणाचं चालतं. लोकही मान हलवत. मग एकादशी आली. वाचन घराघरांतून फोनवरच चाललं होतं, आणि क्रमाने आलेला अध्याय अठरावा होता. 14वा श्लोक मी मोठ्याने म्हटला आणि अर्थ सांगायला तोंडच उघडेना. दैव पाचवं. पाचवं. पहिली चार माझ्या अंगणातलीच होती. वादळ हे दैव, कबूल. वादळात झाडं पडली, कौलं गेली, त्याला मी काय करणार होते? पण गच्चीवरची साल गेली ती एका दुपारच्या उन्हाच्या लोभाने आणि पिंपं भरायच्या कंटाळ्याने गेली. ती चूक मी देवाच्या खात्यावर मांडली होती. त्या दिवशी फोनवरच्या सगळ्यांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. लाज वाटली, पण त्या रात्री वादळानंतर पहिल्यांदा शांत झोप लागली. वाटणी नीट झाली होती. माझा वाटा माझ्याकडे आला, त्याचा त्याच्याकडे गेला.

तेव्हापासून नुकसान झालं की मी वहीत दोन बाजू करते. एकीकडे माझ्या हातातलं, दुसरीकडे हाताबाहेरचं. तुझ्या यंदाच्या मोहोराचं असंच लिहून बघ. धुकं आणि मळभ हाताबाहेरच्या बाजूला लिही, त्यावर एक दिवसही जाळू नकोस. फवारणी वेळापत्रकाप्रमाणे झाली का? मोहोर फुटताना तू खोल्यांतल्या पाहुण्यांत गुंतला होतास का? झाडांची मधली दाटी काढून ऊन-वारा आत जाईल असं केलं होतंस का? दाटीत तुडतुडा फार माजतो. जे चुकलं असेल ते खरं लिही आणि पावसाळा संपला की दुरुस्त कर. काहीच चुकलं नसेल तर तेही लिही, कारण विनाकारण स्वतःला दोष देणं हाही अहंकारच आहे. पाचवा वाटासुद्धा माझाच, असं त्यात आपण धरून बसलेलो असतो.

गड्यांवरचा राग याच वाटणीतून येतो. त्या श्लोकात "पृथक्चेष्टा" असा शब्द आहे, हालचाली वेगवेगळ्या. दुसऱ्याचे हात आपल्या मनाच्या वेगाने चालणार नाहीत. तुझ्याकडचे गडी नेपाळी असतील, बहुतेक बागांत आता तेच आहेत. घर सोडून हजार कोसांवर येऊन रात्री बागेत राखण करणारा माणूस आहे तो. काम चुकलं तर जरूर सांग, पण त्याच दिवशी, एकदाच आणि चौघांच्या देखत नको. एकदा माझ्याकडच्या एका बाईने मिठाचं माप चुकवलं, मी सगळ्यांसमोर तिला नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी ती आली, पण त्यानंतर वर्षभर तिने मला आपणहून एकही गोष्ट सांगितली नाही. कुठल्या पिंपाला वास येतोय हे तिच्या नाकाला सगळ्यांच्या आधी कळायचं. माझ्या रागाने मी ते नाक गमावलं. मग गौरीच्या सणाला तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली तेव्हा कुठे ती पुन्हा बोलती झाली.

आता पहाटे पाच ते रात्री अकरा. हे वाचून मला बरं वाटलं नाही. राजस कर्माचं लक्षण गीता काय सांगते बघ, "क्रियते बहुलायासम्", फार दमछाक करून, वासनेने किंवा अहंकाराने केलेलं. आणि सात्त्विक कर्त्याला ती म्हणते "धृत्युत्साहसमन्वितः", धीर आणि उत्साह असलेला. अठरा तास राबणाऱ्याकडे उत्साह कुठून उरणार? सहाव्या अध्यायात तर योग्यालासुद्धा आहार, विहार, झोप आणि जागरण मापात ठेवायला सांगितलं आहे. झोप मोडून केलेली भक्ती मला मान्य नाही आणि झोप मोडून केलेला धंदाही मान्य नाही. खोल्यांचं बुकिंग रात्री नऊनंतर बघायचं नाही, एवढं पहिलं ठरव. पर्यटक सकाळपर्यंत थांबतो, आणि जो थांबत नाही तो आल्यावरही त्रासच देतो.

साधनेला वेळ नाही म्हणतोस. मी तुला तासभर बस असं सांगणारच नाही, हंगामात मलाही जमत नाही. तिन्हीसांजेला तुळशीपाशी किंवा देवापाशी दिवा लाव आणि दुसऱ्या अध्यायातले स्थितप्रज्ञाचे श्लोक म्हण, 54 ते 72. एकोणीसच आहेत, पाच-सात मिनिटं लागतात. संस्कृत जड जात असेल तर विनोबांच्या गीताईतून म्हण. खोल्यांतल्या पाहुण्यांना वाटलं तर ते येऊन बसतील, त्यांना आग्रह मात्र करू नकोस. आणि सकाळी दिवा लावेपर्यंत फोनला हात नाही. रोज एवढं कर आणि पावसाळाभर टिकव. वाढवायचं असेल तर ते आपोआप वाढतं.

खरी साधना मात्र या पाच मिनिटांच्या बाहेर आहे. कामाआधी क्षणभर थांबून हे तुझं म्हणून करतो असं मनात म्हणायचं आणि काम संपल्यावर कृष्णार्पण म्हणून हात सोडायचे. यज्ञात प्रत्येक आहुतीनंतर "न मम" म्हणतात, हे माझं राहिलं नाही. आहुती देईपर्यंत तूप निवळ हवं, समिधा कोरडी हवी, मंत्र शुद्ध हवा, सगळी काळजी यजमानाचीच असते. अग्नीत गेल्यावर तो हात आखडून घेतो. तुझी पेटी गाडीत चढेपर्यंत तुझी आहे. देठ राखून झेल्याने उतरवलेला आंबा, डाग बघून, सारख्या फळांची भरलेली पेटी. गाडी गेली की न मम. मग रात्रभर वाशीच्या घाऊक बाजारात दर काय निघेल म्हणून कूस बदलत राहू नकोस. ज्ञानेश्वर माउलींनी अठराव्या अध्यायात म्हटलं आहे, "तया सर्वात्मका ईश्वरा। स्वकर्मकुसुमांची वीरा। पूजा केली होय अपारा। तोषालागीं॥" आपलं काम हेच फूल आहे, असं माउली सांगते. शिळं, किडकं फूल आपण देवाला वाहत नाही ना? अर्पण करायचं ठरलं की कामाची प्रत आपोआप चढते, हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव आहे. आणि नैवेद्याचा प्रसाद झाल्यावर वाटी लहान का म्हणून कोणी भांडत नाही. यंदा निम्मं आलं, तेवढा प्रसाद.

आता आश्रमाबद्दल. काम न करण्याची ओढ लागू नये, हा चौथा चरण इथेच लागतो. अध्यात्म करायला मोकळा वेळ आणि शांत जागा लागते, हा समज आपल्या कोकणातल्या माणसांनीच खोटा पाडला आहे. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांनी गीतारहस्य मंडालेच्या तुरुंगात लिहिलं, 1910-11च्या हिवाळ्यात, पेन्सिलीने. पेण तालुक्यातल्या गागोद्याच्या विनोबांनी गीतेवरची प्रवचनं दिली ती 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात, कैद्यांपुढे, रविवारी रविवारी. आणि ती टिपून घेतली पालगडच्या साने गुरुजींनी. तुरुंग ही काही त्यांनी निवडलेली जागा नव्हती. मिळालेल्या जागेचाच त्यांनी आश्रम केला. विनोबा चौथ्या अध्यायाबद्दल सांगताना म्हणतात, बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड द्यायला हवी, त्या जोडीला ते विकर्म म्हणतात. तुझ्याकडे कर्म भरपूर आहे, जोड तेवढी राहिली आहे. ती आश्रमात जाऊन मिळत नाही, कारण घर सोडून तिकडे नेशील ते हेच मन. पंधरा दिवस विश्रांतीला म्हणून पावस किंवा गोंदवल्यासारख्या संतांच्या ठिकाणी जरूर जा, पावसाळ्यात बागेत काम कमी असतं तेव्हा. पण पळून म्हणून जाऊ नकोस. तू गेलास तर त्या कलमांचं आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांचं कोण बघेल? समर्थांनी "आधी प्रपंच करावा नेटका" म्हटलंय, त्यातला नेटका हा शब्द धर.

राहिला बाहेरचा आंबा मिसळण्याचा प्रश्न. याला माझं उत्तर एका शब्दात आहे, नाही. यावर फार चर्चा करायची मला गरज वाटत नाही, पण तू मोकळेपणाने विचारलंस म्हणून दोन गोष्टी सांगते. कोकणच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. दुसरीकडचा आंबा त्या नावाने विकणं ही फसवणूकच आहे, कायद्यानेही आणि देवापुढेही. पण त्याहून मोठं नुकसान आतलं आहे. आज पेटी उघडताना तुझा जीव स्वच्छ असतो. मिसळायला लागलास की प्रत्येक फोन घेताना आधी आवाजाचा अंदाज घ्यावा लागेल. तुकोबांनी "जोडोनियां धन उत्तम वेव्हारें। उदास विचारें वेच करी॥" असं सांगितलं, त्यात धन जोडायला नको म्हटलेलं नाही, भरपूर जोड. दर कमी घेऊ नकोस. पीक निम्मं आहे तर दर थोडा चढा लाव आणि गिऱ्हाइकाला कारण खरं सांग. माझं आमसूल त्या वादळाच्या वर्षी निम्म्याहून कमी होतं. नेहमीच्या गिऱ्हाइकांना पत्र लिहिलं, यंदा प्रत्येकी अर्धाच किलो देता येईल, दर हा असा आहे. दोघांनी घेतलं नाही. बाकीच्यांनी अर्धा किलो घेतलं, आणि एका वयस्कर गिऱ्हाइकाने पुढच्या वर्षाचे पैसे आगाऊ पाठवून दिले, त्यातून गच्चीवर पत्रे घातले. ज्या सर्वात्मक ईश्वराची माउली बोलते, तो माझ्यापुरता त्या वर्षी तिथे होता.

खर्च भागवायला अडचण असेल तर खोल्यांचं काम दोन वर्षं वाढव, किंवा डागी आंब्याचं आंबापोळी आणि आमरस करून वीक. डागी म्हणून सांगून वीक. यात धर्माला कुठेच बाधा येत नाही. आंबापोळीचं प्रमाण हवं असेल तर वेगळं विचार, ते लांबचं काम आहे.

आणि आजोबांची पोथी. उद्याच ती सोडव. इतकी वर्षं बांधून होती म्हणजे कसर लागली असण्याचा संभव आहे, तेव्हा पानं हलक्या हाताने एकेक उलट, मऊ फडक्याने पूस. भर उन्हात घालू नकोस, पानं करकरतील. सकाळच्या कोवळ्या उन्हात, पडवीत ठेव. कापड धुऊन वाळव, आणि परत बांधताना आत वेखंडाची पुरचुंडी घाल. रोज हाताळलीस तर त्याचीही गरज पडणार नाही. अठराव्या अध्यायाचं 14व्या श्लोकाचं पान बघ. रोज म्हणणारी माणसं पुष्कळदा समासात काहीतरी लिहून ठेवतात. आजोबांच्या हातचं काही निघालं, तर मला जरूर कळव.